दोनशे नव्वद पौंडांचा तह

आर्लिस टीडमनने आपल्या नवऱ्याला वीस वर्षं जाणूनबुजून जाड ठेवलं होतं. हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. शेल क्रीक गावात सगळ्यांना वाटायचं, बाई शाळेच्या भटारखान्यात चारशे पोरांचा स्वयंपाक करते, घरी आल्यावर हात आवरत नसेल. लॅव्हर्नलाही तसंच वाटायचं. तो बिचारा बशी पुढे करायचा आणि ती वाढायची.

गोष्ट सुरू झाली अठ्ठ्याऐंशी सालच्या ऑगस्टमध्ये. गावाबाहेर मक्याच्या शेतांमध्ये पाव मैलाची सरळ डांबरी पट्टी आहे. तिथे रविवारी ड्रॅग रेस व्हायच्या, अजूनही होतात. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, हिरवा दिवा लागला की सुटायचं आणि टोकाला आधी पोचेल तो जिंकला. नवख्याला वाटतं की ज्याचं इंजिन दांडगं, तो जिंकणार. पण क्लबचे लोक तेवढे भोळे नाहीत. गाडीचं वजन ड्रायव्हरसकट काट्यावर घ्यायचं, त्याला इंजिनाच्या ताकदीने भागायचं आणि उत्तर येईल त्यावरून वर्ग ठरवायचा. ताकदीच्या मानाने हलकी गाडी वरच्या वर्गात, जड गाडी खालच्या वर्गात. प्रत्येक वर्गाला कमीत कमी वजन ठरलेलं. त्याहून एक पौंड जरी कमी भरलात तरी बाद.

लॅव्हर्नकडे सहासष्ट सालची प्लिमथ स्टेशन वॅगन होती. लांबलचक, फिकट हिरवी, मागे एवढी जागा की बाथटब मावावा. तेव्हा लॅव्हर्न एकशे नव्वद पौंडांचा सडपातळ गडी होता आणि त्याला धरून वॅगन ई वर्गात बसायची. त्याच ई वर्गात आर्लिसचा धाकटा भाऊ ओरिन क्लूव्हर बसायचा. ओरिन डुकरांच्या खाद्याचा व्यापारी, अंगाने काटकुळा आणि स्वभावाने तराजू. वर्गाला जेवढं वजन लागतं त्यापेक्षा एक पौंडही जास्त वाहून न्यायचा नाही, हा त्याचा बाणा. काट्यावर चढण्याआधी खिशातल्या किल्ल्यासुद्धा बायकोच्या हातात द्यायचा.

त्या ऑगस्टमध्ये मेहुणे-मेहुणे अंतिम फेरीत समोरासमोर आले आणि लॅव्हर्न वीतभर अंतराने जिंकला. ओरिनने तिथल्या तिथे तक्रार नोंदवली की वॅगनचं इंजिन नियमाबाहेरचं आहे. तक्रार आली की इंजिन उघडावं लागतं. भर उन्हात, अर्ध्या गावासमोर, लॅव्हर्नने चार तास पाने फिरवून इंजिन सुटं केलं. काही सापडलं नाही. मग त्याने चार तास खपून ते परत जोडलं आणि त्यानंतर दोन वर्षं तो ओरिनशी एक शब्द बोलला नाही.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला सगळे आईकडे जमले. लॅव्हर्न म्हणाला, "आर्लिस, तुझ्या भावाला सांग, बटाटे इकडे सरकव."

ओरिन म्हणाला, "आर्लिस, तुझ्या नवऱ्याला सांग, बटाटे उघडून तपासून घे म्हणावं."

आईने काटा खाली ठेवला. हिल्डा क्लूव्हर बोलायची कमी, पण बोलली की झालं. तिने आर्लिसला स्वयंपाकघरात नेलं आणि म्हणाली, "पोरी, या दोघांना पुन्हा एका वर्गात बसू देऊ नकोस. कसं ते तुझं तू बघ."

आर्लिसने पाहिलं. शाळेत रोज चारशे ताटांचं गणित करणारी बाई ती, तिला हे काय जड? ई वर्गाला वॅगन ड्रायव्हरसकट तीन हजार सातशे पन्नास पौंड हवी होती. खालच्या एफ वर्गाला तीन हजार आठशे पंच्याऐंशी. वॅगन टाकी गळ्यापर्यंत भरून तीन हजार सहाशे भरायची. वजनासाठी गाडीत शिसं बसवायला तेव्हा क्लबची मनाई होती. म्हणजे उरलेलं सगळं वजन लॅव्हर्नने स्वतःच आणायला हवं होतं. दोनशे पंच्याऐंशी पौंड.

तिने नवऱ्याला एवढंच सांगितलं, "एफ वर्गात फारसं कुणी नाही रे. तू जरा अंग धरलंस तर तिथला राजा होशील."

लॅव्हर्नला राजा व्हायला आवडलं. हॅमचे गोळे, सायीत भाजलेले बटाटे, मांस-राजम्याच्या चिलीच्या वाडग्याबरोबर दालचिनीचे गोल पाव, रविवारी रुबार्बच्या आंबट देठांची गोड पाई. पावणेदोन वर्षांत तो दोनशे नव्वदवर पोचला आणि तिथेच थांबला. पाच पौंड ती नेहमी हातचे ठेवायची, कुणाला जुलाब होतील काय सांगावं! लॅव्हर्न एफ वर्गात गेला, ओरिन ई वर्गात राहिला. दोघे बोलू लागले, मग हसू लागले, मग एकमेकांची अवजारं उसनी नेऊन परत न देण्याइतके जवळ आले. आई गेली तेव्हा दोघांनी मिळून पेटीला खांदा दिला.

जवळजवळ एकोणीस वर्षं असं सुरळीत चाललं. मग दोन हजार नऊच्या मार्चमध्ये लॅव्हर्नच्या छातीत कळ आली.

शस्त्रक्रिया झाली. चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई खाटेशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मिस्टर टीडमन, ऐंशी पौंड उतरवायचे. आणि यंदा रेस बंद."

"ऐंशी?" लॅव्हर्न कळवळला. "अहो डॉक्टर, ऐंशी उतरवले तर मी ई वर्गात जाईन!"

"नाही उतरवलेत तर कबरस्तानात जाल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिथे वर्ग नसतात."

आर्लिस खिडकीशी उभी होती. तिला हसू आलं नाही. घरी येऊन तिने फ्रीजमधलं सायीचं भांडं मोरीत ओतलं आणि तिथेच थोडा वेळ उभी राहिली. नवऱ्याचं हृदय एक दिवस हिशोबाला येईल, हे तिच्या गणितात कुठेच नव्हतं. त्या दिवसापासून घरात सेलरी, वाफवलेला कोबी आणि कातडी काढलेली कोंबडी आली. लॅव्हर्न मुकाट्याने खायचा. संध्याकाळी तो शेडमध्ये जाऊन वॅगनच्या ड्रायव्हरच्या जागेवर बसून राहायचा, इंजिन बंद ठेवून.

मे महिन्यात एके दिवशी ती शेडच्या दारात येऊन उभी राहिली. "मोसमभर उभी राहिली तर सगळे रबर सुकून जातील."

"मग काय करू? ढकलू?"

"मी चालवते."

लॅव्हर्नने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. एकोणसाठ वर्षांची, पाच फूट एक इंच, एकशे एकवीस पौंड, चष्मा दोरीला बांधून गळ्यात. "तू?"

"एकवीस वर्षं मी तुला रांगेत उभं करते, टायर गरम करून देते. तू दरवेळी दिव्यावर झोपतोस, हे मी एकवीस वर्षं बघतेय."

"मी झोपतो?"

"डुलकी म्हण हवं तर."

लॅव्हर्नला राग यायला हवा होता. पण आजारपणानंतर पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत जरा चमक आली. तो गाडीतून उतरला आणि त्याने कागद-पेन्सिल शोधली. वॅगन तीन हजार सहाशे, आर्लिस एकशे एकवीस. आता क्लबने नियम थोडा सैल केला होता, पन्नास पौंडांपर्यंत शिसं बोल्टने घट्ट बसवून चालायचं. पण पुरे पन्नास घातले तरी एफ वर्गाला शंभराच्यावर कमी पडत होते.

"हिवाळ्याचा कोट घालशील?" लॅव्हर्नने विचारलं.

"ऑगस्टात?"

"बूट वजनदार..."

"लॅव्हर्न, मी ई वर्गातच बसणार. कागद ठेव."

ई वर्गात कोण आहे, हे बोलायची गरज नव्हती.

शिसं बसवताना मात्र दोघांना एक मजेची गोष्ट कळली. पोट जिथे असतं तिथेच असतं. शिसं कुठेही बसवता येतं. चाळीस पौंडांचा ठोकळा त्यांनी मागे, उजव्या चाकाच्या बरोबर वर बोल्टने आवळला. पहिल्याच सरावाला वॅगनने मागचा पाय रोवून अशी उडी घेतली की आर्लिसचा चष्मा कानावर गेला.

"देवा!" लॅव्हर्न कुंपणाला धरून म्हणाला. "म्हणजे एवढी वर्षं माझं पोट चुकीच्या जागी होतं."

ओरिनला बातमी त्याच्या दुकानात कळली. त्याने लगेच फोन केला. "आर्लिस, तू ई वर्गात येतेयस म्हणे."

"येतेय."

"अगं, आमच्या वर्गात गाड्या चालवतात. फोडणी देत नाहीत."

"बरं झालं सांगितलंस. मी झारा घरी ठेवते."

"मी सोडणार नाही हं. बहीण-बिहीण काही नाही."

"लहानपणी सायकलच्या शर्यतीत रडत घरी कोण आलं होतं रे?"

"साखळी निघाली होती!" ओरिन ओरडला आणि त्याने फोन ठेवला.

वर्गांची मोठी रेस ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी होती. आर्लिस पहाटे उठली, पण स्वयंपाकघरात गेली नाही. थेट शेडमध्ये जाऊन तिने टायरची हवा पाहिली, टाकी भरली, ठोकळ्याचे बोल्ट पुन्हा आवळले. काट्यावर वॅगन तिच्यासकट तीन हजार सातशे एकसष्ट भरली. अकरा पौंड हातचे. वजनाच्या काट्यावर गेलन बुखोल्ट्झ होता. चाळीस वर्षं धान्याच्या कोठारावर ट्रक तोललेला माणूस. त्याने आकडा काचेवर बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने लिहिला आणि म्हणाला, "अकरा जास्त."

"असू देत."

"ओरिनचे दोन जास्त आहेत."

"ते त्याचं तो बघेल."

ई वर्गात चार गाड्या होत्या. पहिल्या फेरीत आर्लिससमोर शेजारच्या गावचा एक शिक्षक होता. म्हातारीसमोर उशीर होऊ नये म्हणून तो हिरव्याआधीच सुटला, त्याचा लाल दिवा लागला आणि तो घरी गेला. आर्लिसला आपण जिंकलो हे टोकाला पोचेपर्यंत कळलंच नाही. ओरिनने त्याची फेरी आरामात जिंकली. मग अंतिम फेरी, दुपारी दोन वाजता.

रांगेत दोन्ही गाड्या शेजारी उभ्या होत्या. ओरिनने काच खाली केली. हेल्मेटमध्ये त्याचं तोंड अक्रोडाएवढं दिसत होतं.

"आर्लिस, अजून वेळ आहे. चक्कर आली म्हण. कुणी हसणार नाही."

"तुझाच रंग उडालाय. बरं नाही का?"

"मी ठणठणीत आहे!"

लॅव्हर्न तिच्या खिडकीशी वाकला. साठ पौंड उतरले होते, सदरा अंगावर शिडासारखा फडफडत होता. त्याला बरंच काही सांगायचं होतं, गिअर, दिवा, उजवी बाजू. पण तो म्हणाला, "पट्टा आवळलास ना?"

"आवळला."

"मग जा."

पिवळे दिवे खाली उतरत आले आणि आर्लिसचा पाय जणू तिच्या आधीच निघाला. हिरवा लागला त्याच क्षणी वॅगन सुटली. मागचं ढुंगण खाली बसलं, नाक वर आलं आणि निम्म्या पट्टीपर्यंत ओरिन तिला आरशातच दिसत होता. ती ओरडत होती, काय ओरडत होती ते तिला नंतर आठवलं नाही. मग डाव्या बाजूने ओरिनची निळी गाडी सरकत सरकत आली. आधी दिवा, मग चाक, मग ओरिनचं टोकदार नाक. टोकाला तो हातभर पुढे होता.

आर्लिसने ब्रेक लावले आणि परतीच्या रस्त्याला लागली. हरली होती, पण दुःख नव्हतं. तिला लगेच पुन्हा जायचं होतं.

नियमाप्रमाणे दोन्ही गाड्या काट्यावर आल्या. आधी विजेता. ओरिन हेल्मेट घालूनच बसला होता, एका हाताने लोकांना सलाम करत. गेलनने आकडा वाचला. मग चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"ओरिन, तीन कमी."

"काय कमी?"

"पौंड. तीन."

ओरिनचा हात खाली आला. "काटा बिघडलाय तुझा."

ट्रक तोलणाऱ्याला असं बोलणारे गेलनने हजार पाहिले असतील. त्याने ओरिनला खाली उतरवलं, काटा झाडला, पन्नास पौंडांची तपासणीची वजनं आणून ठेवली, आकडा बरोबर आला, वजनं काढली, गाडी पुन्हा चढवली. तीन कमी.

"सकाळी दोन जास्त होते!" ओरिन म्हणाला.

"पेट्रोल जळलं," गेलन म्हणाला.

"पेट्रोल मी धरलंय! चार पौंड पेट्रोल, एक पौंड घाम, सगळं धरलंय. मी दरवर्षी धरतो आणि दरवर्षी..." आणि ओरिन मध्येच थांबला. वळून त्याने आर्लिसकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडत गेलं.

"आर्लिस. तू आज जेवण आणलं नाहीस."

ते खरं होतं. दरवर्षी या रेसला दुपारी बारा वाजता वॅगनचा मागचा दरवाजा उघडायचा आणि त्यावर हॅमचे गोळे, बटाटे, पाई सगळं मांडलं जायचं. ओरिन दोन ताटं जेवायचा, वर आइस्ड टी. आज मात्र बारा वाजता आर्लिस वॅगनखाली पाठ टेकून पडली होती, हातात पाना. ओरिन दोनदा येऊन तिचे बूट पाहून गेला होता. भुकेला तो, चार खारी बिस्किटं खाऊन रेसला उभा राहिला.

"म्हणजे तू..." गेलनने चाळीस वर्षांत पहिल्यांदाच लांब वाक्य सुरू केलं. "म्हणजे तू माझ्या काट्यावर तिच्या हॅमचं वजन धरून बसला होतास?"

"पाच पौंड होतं ते नेहमी!" ओरिन किंचाळला. "चहा धरून!"

भोवती जमलेल्या लोकांपैकी कुणीतरी आधी हसलं, मग सगळेच. लॅव्हर्न इतका हसला की त्याने छातीवरच्या टाक्यांच्या व्रणाला दोन्ही हातांनी धरलं. आर्लिस मात्र हसली नाही. ती भावाच्या तोंडाकडे बघत होती. वॅगन काट्यावर चढली, सहा जास्त भरली, गेलनने तिला विजेती ठरवलं. लोक टाळ्या वाजवत होते आणि तिला फक्त ओरिनची पाठ दिसत होती. तो न बोलता निळी गाडी ट्रेलरवर चढवत होता. तक्रार नोंदवायला त्याला अर्धा तास होता. आर्लिस पान्यांची पेटी उघडून वॅगनच्या बॉनेटपाशी उभी राहिली, येईल तर येऊ दे म्हणून. तो आला नाही. ट्रेलर धुरळा उडवत निघून गेला.

त्याने अकरा दिवस फोन केला नाही. आर्लिसला वाटलं, झालं, परत आपलं बटाट्यांचं टपाल सुरू. बाराव्या दिवशी फोन वाजला.

"एका ताटाचं वजन नक्की किती असतं?" ओरिनने विचारलं. नमस्कार नाही, काही नाही.

"कशाला?"

"पुढच्या वर्षी धरायचं की नाही ते ठरवायला."

"धरू नकोस. मी रेस करणार आहे."

मग ओरिन म्हणाला, "तू दिव्यावर फार लवकर सुटतेस गं. मी चौतीस वर्षं करतोय, माझ्या पुढे तशी कोणी सुटली नाही." आणि त्याने फोन ठेवला.

थँक्सगिव्हिंगला ओरिन आणि त्याची बायको टीडमनांकडे आले. टर्की होतीच, पण सायीशिवाय. जेवण झाल्यावर आर्लिसने हात पुसले आणि दोघांना सांगून टाकलं. आई काय म्हणाली, तिने काय गणित केलं, लॅव्हर्नला का वाढत राहिली.

लॅव्हर्न खुर्चीत ताठ बसला. "म्हणजे मी एफ वर्गाचा राजा होतो ते..."

"तूच जिंकलास ते सगळं. ते खरंच होतं."

"पण मला तिथे पाठवलं ते याच्यापासून लांब ठेवायला."

"हो."

ओरिन ताटाकडे बघत होता. त्याच्यासारख्या माणसाला मनातल्या मनात बेरीज केल्यावाचून राहवत नाही. त्याने केली असावी, कारण त्याचा चेहरा पडला. "शंभर पौंड," तो म्हणाला. "मी तक्रारीचा एक कागद भरला, आणि या माणसाने शंभर पौंड एवढी वर्षं उचलले." तो उठला, टेबलाला वळसा घालून लॅव्हर्नपाशी गेला आणि तिथे गेल्यावर काय करायचं ते त्याला सुचेना. शेवटी त्याने लॅव्हर्नच्या खांद्यावर हात ठेवला.

"ते इंजिन चांगलं होतं," तो म्हणाला. "मला तेव्हाच माहीत होतं."

लॅव्हर्नने नाक शिंकरलं. "चार तास उन्हात, ओरिन."

"माहीत आहे."

"आणि एक बोल्ट अजून सापडला नाही."

पुढच्या वसंतात डॉक्टरीणबाईंनी लॅव्हर्नला परवानगी दिली. तो दोनशे बारावर आला होता. पन्नास पौंड शिसं घेऊनही एफ वर्गाला तेवीस कमी. म्हणजे आता टीडमनांच्या घरातले दोघेही ई वर्गाचेच आणि वॅगन एकच. त्यावरून जे भांडण झालं ते शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं. लॅव्हर्न म्हणाला, गाडी माझी. आर्लिस म्हणाली, शिसं माझं. शेवटी ठरलं की सराव लॅव्हर्नने करायचा आणि रेस आर्लिसने, कारण सरावात दिव्यावर डुलकी लागली तरी चालते.

मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी गेलनने तिला काट्यावर घेतलं, काचेवर आकडा लिहिला आणि विचारलं, "वर्ग?"

"ई," आर्लिस म्हणाली आणि रांगेत ओरिनच्या मागे जाऊन उभी राहिली. ओरिनने आरशात तिला पाहिलं आणि खिडकीबाहेर हात काढून पुढे ये, पुढे ये अशी खूण केली.